गोविंदराव टेंबे : सूर आणि लेखणी

नव्या मुंबईत वाशी येथे विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. कचेरीचे काम आटोपून सहकुटुंब नाटकास जाणाऱ्या कित्येक मंडळींच्या तोंडी ते नाव रुळलेले आहे. याच भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा तो आरंभ मानला जातो. परंतु त्या रात्री सूत्रधार कोणत्या स्वरात गायिला, झांज-मृदंगाच्या ठेक्यावर पात्रे कशी नाचली, प्रेक्षकांनी कोठे माना डोलावल्या, हे सांगणारा साक्षी आज कोणी नाही. नाटकाची संहिता कागदावर तरी राहते. गाणे मात्र गायकाच्या कंठातून निघाले की हवेत विरते, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांच्याबरोबर त्याची आठवणही लोपते.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणास १९०२ साली आरंभ झाला. त्या काळच्या तबकडीवर तीनचार मिनिटांचे गाणे मावत असे, आणि एकेक राग तास-तासभर फुलविणाऱ्या गवयांना ती तबकडी म्हणजे समुद्र घागरीत भरण्याचा प्रकार वाटे. कित्येक थोर गवई तिच्या वाटेस गेलेच नाहीत. त्यांचे गाणे पुढच्या पिढीस कळावे कसे? त्यास एकच उपाय होता. गाण्याचे मर्म जाणणाऱ्या कोणी तरी ते जवळ बसून ऐकावे, मनात साठवावे आणि पुढे लेखणी हाती घेऊन लिहून ठेवावे. महाराष्ट्रात हे काम ज्या थोड्या पुरुषांनी केले, त्यांत गोविंद सदाशिव टेंबे यांचे स्थान निराळे आहे. ते पेटीवादक होते, चाली बांधणारे होते, नट होते, नाटक कंपनीचे मालक होते, नाटककार होते, बोलपटातले राजा हरिश्चंद्र होते, आणि या साऱ्या भूमिका पार पाडून अखेरीस ते संगीताचे लेखक झाले. लेखक म्हणून त्यांनी जे केले, त्याची तयारी आधीच्या साऱ्या आयुष्यात होत होती.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे या गावी झाला. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे कलावंतांचे माहेरघर होते. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले. त्यांच्या आश्रयाने मल्ल आले, चित्रकार आले, नाटक मंडळ्या आल्या आणि गवईही आले. उत्तरेकडून आलेले अल्लादियाखाँसाहेब दरबारचे गवई म्हणून येथेच स्थिरावले. गावात देवल क्लबासारखी संस्था होती, जेथे जाणते लोक एकत्र जमून गाणे ऐकत आणि त्याची चर्चा करीत. मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलाने शाळा शिकावी, वकिलीची किंवा सरकारी नोकरीची वाट धरावी आणि गाण्याबजावण्यापासून चार हात दूर राहावे, अशी सामान्य समजूत होती. गोविंदरावांचे पाऊल प्रथम त्याच रूढ वाटेवर पडले खरे, परंतु त्यांचे मन मात्र पेटीच्या पट्ट्यांवर जडले होते.

हे वाद्य मुळात परदेशी. १८४२ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले आणि १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्या आपल्या वादकांस सोयीची, हाताने भाता हलविण्याची पेटी तयार केली. थोड्याच वर्षांत ती भजनात, कीर्तनात, नाटकात आणि बैठकीत शिरली. सतारीस किंवा सारंगीस असतात तशी पिढीजात घराणी तिला नव्हती. मग पेटी शिकावी कोणापासून? ज्याला ती उत्तम वाजवावयाची असेल, त्याने उत्तम गाणे ऐकावे आणि आपल्या बोटांनी त्याचा माग काढावा, हाच काय तो मार्ग. गोविंदरावांनी तोच धरला.

येथे पेटीच्या साथीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. साथीदार गवयाच्या शेजारी बसतो. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवर आणि कान सर्वस्वी गवयाकडे. गवई कोणत्या क्षणी कोणत्या स्वरावर जाईल हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते. त्याने अंदाज करावयाचा, अर्ध्या पावलाने मागे राहावयाचे, गवयाने श्वास घेतला की ती पोकळी भरून काढावयाची आणि त्याने पुन्हा तोंड उघडले की निमूटपणे बाजूस सरावयाचे. पुढे धावला तर रसभंग, फार मागे राहिला तर साथच नाही. शिवाय पेटीचा प्रत्येक स्वर ठाम आणि सुटा. दरबारी कानड्यातील गंधार जो झोके घेतो, तो पट्टीवर दाबून निघत नाही. साथीदाराने आजूबाजूच्या स्वरांनी त्याचा केवळ आभास निर्माण करावयाचा. म्हणजे गवई काय गातो हे तर त्याने ऐकावयाचेच, आणि आपल्या वाद्यातून काय निघू शकत नाही याचेही भान ठेवावयाचे. अशा रीतीने वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या माणसाला गाण्याचे जे ज्ञान होते, ते समोर बसलेल्या रसिकास होणे कठीण, आणि स्वतःच्या गाण्यात रंगलेल्या गवयासही कित्येकदा होत नाही. पुढे ज्या लेखकाचे कान महाराष्ट्राला उपयोगी पडावयाचे होते, ते अशा रीतीने साथीला बसून घडले.

या घडणीत सर्वांत मोठा वाटा भास्करबुवा बखले यांचा. १८६९ साली जन्मलेल्या बुवांनी बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ अशा तीन थोर गुरूंची विद्या आत्मसात केली होती. एका घराण्याचे शिष्य दुसऱ्या घराण्याचे गाणे कानांवर पडू देण्यासही नाखूष असत, त्या काळात या महाराष्ट्रीय गवयाने तीन धारा एकत्र आणल्या आणि मैफल जिंकणारा गवई म्हणून सर्वत्र नाव मिळविले. गोविंदरावांनी त्यांना गुरुस्थानी मानले. बुवांच्या गाण्याची साथ करणे हीच त्यांची खरी शाळा होती. १९२२ च्या एप्रिलात बुवा वारले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

पेटीवादक म्हणून नाव झालेल्या या तरुणास रंगभूमीने लवकरच बोलावणे धाडले. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणण्याच्या खटपटीत होती. खाडिलकर म्हणजे टिळकांचे सहकारी, 'केसरी'तील अग्रलेखक आणि गद्य नाटकांचे कर्ते. त्यांच्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. 'मानापमान' हे त्यांचे पहिलेच संगीत नाटक. त्याची पदे स्वतः खाडिलकरांनी रचली, आणि त्यांस चाली देण्याचे काम गोविंदरावांकडे आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तिशीच्या आत होते.

संगीत नाटकात चाल बांधणे म्हणजे काय, हे जुनी नाटकांची पुस्तके चाळली असता दिसते. प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि कोणत्या मूळ गाण्यावरून चाल घेतली त्याचा निर्देश असे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून या चालींचा भांडार कीर्तनातील साक्या-दिंड्या, लावण्या, कर्नाटकी पदे आणि बैठकीतील चिजा यांचा होता. गोविंदरावांनी त्यात एक नवे दालन उघडले. उत्तरेकडील गायिकांच्या बैठकींतून ऐकू येणारी ठुमरी, दादरा, कजरी यांची नखरेल, लवचिक वळणे त्यांनी मराठी पदांत आणली. तालाची चाल हलकी आणि शब्दावर लाडिक ठेहराव असा हा ढंग होता. धनापेक्षा शौर्य मोठे मानणारा धैर्यधर आणि धनाच्या अभिमानात वाढून प्रेमाने नम्र होणारी भामिनी, यांच्या रुसव्याफुगव्याच्या कथेस तो शोभून दिसला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. बालगंधर्वांच्या भामिनीने त्या चाली घराघरांत पोहोचविल्या, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या कानास नाट्यसंगीत म्हणजे काय याची एक नवीनच खूण पटली.

प्रथम धैर्यधराची भूमिका नानासाहेब जोगळेकर करीत. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि चाली बांधणाऱ्या गोविंदरावांवरच नायक होण्याचा प्रसंग आला. जो मनुष्य आजवर दुसऱ्याच्या गाण्याच्या मागोमाग चालला होता, त्याला आता प्रकाशात उभे राहून स्वतः गावयाचे होते, आणि तेही बालगंधर्वांसमोर. पेटीवरचा हात आणि कंठातला सूर या दोन वेगळ्या गोष्टी. परंतु गोविंदरावांचे रूप रुबाबदार होते, बोलणे सुसंस्कृत होते आणि पदाचा अर्थ त्यांना कळत होता. रंगभूमीने त्यांना नायक म्हणून स्वीकारले.

१९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे अशा तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. एक अद्वितीय गायक-नट, एक कसलेला गद्य नट आणि एक संगीताचा जाणकार अशी ती त्रयी होती. ही भागीदारी फार वर्षे टिकली नाही. गोविंदरावांनी निराळे होऊन शिवराज नाटक मंडळी स्थापन केली आणि तिचे पालकत्व पत्करले. नाटक कंपनी चालविणे हा त्या काळी गृहस्थाश्रमाहून अवघड संसार होता. शेपन्नास माणसांची पंगत रोज उठावयाची, पडदे आणि पोशाख रेल्वेने गावोगाव न्यावयाचे, पाऊस पडला किंवा साथ आली की थिएटर रिकामे, आणि सावकार मात्र दारात उभा. मराठीतील मोठमोठ्या कंपन्या या ओझ्याखाली वाकल्या. शिवराज मंडळीसही दीर्घायुष्य लाभले नाही.

नाटककार म्हणूनही गोविंदरावांनी लेखणी चालविली. 'पट-वर्धन', 'वरवंचना' ही संगीत नाटके त्यांची. आणि पुढे 'महाश्वेता', 'जयदेव' अशा संगीतिकाही त्यांनी लिहिल्या. संगीतिकेचा घाट मराठीला अपरिचित होता. नेहमीच्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असतो आणि मध्येच पात्र थांबून पद म्हणते; एकदा पद सुरू झाले, त्यास टाळ्या पडल्या आणि 'वन्स मोअर' मिळाला की कथा जागच्या जागी खोळंबते. संगीतिकेत कथाच स्वरांतून पुढे न्यावयाची असते. गाणे आणि नाट्य यांचे हे भांडण गोविंदराव जवळून ओळखत होते, कारण त्यांनी ते तिन्ही बाजूंनी अनुभवले होते : चाल बांधणारा म्हणून, ती गाणारा म्हणून आणि पडद्याआडून तिकीटविक्रीचा हिशेब पाहणारा मालक म्हणून. महाश्वेतेसाठी बाणभट्टाच्या 'कादंबरी'कडे आणि जयदेवासाठी 'गीतगोविंदा'च्या कर्त्याकडे वळण्यात त्यांची दृष्टी दिसते. ज्या कथेच्या मुळाशीच स्वर आहे, तिला तो बाहेरून चिकटवावा लागत नाही.

ही नाटके 'मानापमाना'सारखी लोकांच्या जिव्हाग्री बसली नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. रंगभूमीचा न्याय असा विलक्षण आहे की, दुसऱ्याच्या नाटकास दिलेल्या चाली चिरंजीव व्हाव्यात आणि स्वतःची नाटके ग्रंथालयाच्या कपाटात राहावीत. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईस 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग केला, तो मराठी रंगभूमीच्या इतिहासातील अपूर्व सोहळा म्हणून सांगितला जातो. त्या रात्री ज्या भूमिकेत केशवराव उभे राहिले, ती कधीकाळी गोविंदरावांनी केलेली होती.

कालचक्र मात्र झपाट्याने फिरत होते. १९३१ साली हिंदुस्थानात पडदा बोलू लागला, आणि पुढच्याच वर्षी, १९३२ च्या फेब्रुवारीत, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' झळकला. व्ही. शांताराम यांनी तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे, आणि राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेत पन्नाशीला पोहोचलेले गोविंदराव टेंबे. चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. पार्श्वगायनाची युक्ती तेव्हा निघालेली नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे अभिनय करीतच गावयाचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून साथ करावयाची आणि एकाच वेळी चित्र व ध्वनी दोन्ही टिपले जावयाचे. एखादा स्वर चुकला की सारा प्रसंग पहिल्यापासून. ज्याने रंगभूमीवर नायकाची पदे गायिली आणि आयुष्यभर साथीचे शास्त्र अभ्यासले, त्याच्याहून अधिक योग्य मनुष्य त्या नव्या कामास कोठे मिळणार होता? त्याच साली 'माया मच्छिंद्र'मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. मराठी संगीत नाटकाच्या ओसरीवरून बोलपटाच्या दिवाणखान्यात जी मंडळी प्रथम आली, त्यांच्या अग्रभागी ते होते. आणि ज्या बोलपटाने नाटक कंपन्यांचा घास घेतला, त्याच्या उभारणीस त्यांचाच हात लागावा, यात दैवाचा काही हेतू असावा असे कोणास वाटले तर नवल नाही.

यानंतर रेडिओचा प्रसंग. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून पेटीस बंदी केली. आक्षेप असा की, पेटीचे बारा स्वर पाश्चात्त्य पद्धतीने समान अंतरावर बसविलेले असतात, त्यांत आपल्या श्रुती सापडत नाहीत, मींड निघत नाही, आणि तिच्या संगतीने गायकांचा कान बिघडतो. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोर पुरुषासही हे वाद्य नापसंत होते. ही बंदी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ राहिली. १९७१ पासून ती हळूहळू सैल झाली. म्हणजे ज्या वाद्याने गोविंदरावांना नाव दिले, ज्याच्यामुळे त्यांना भास्करबुवांशेजारी आसन मिळाले, ते सरकारी नभोवाणीच्या दारात त्यांच्या हयातीत पुन्हा येऊ शकले नाही. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. दरबारीच्या गंधाराची गोष्ट वर आलीच आहे. परंतु महाराष्ट्रातील तीन पिढ्यांनी याच सदोष वाद्याच्या संगतीने निर्दोष गाणे ऐकले, हेही तितकेच खरे. वाद्याची उणीव भरून काढते ती वाजविणाऱ्याची समज. गोविंदरावांच्या पेटीस लोक 'संवादिनी' म्हणत, ते नाव त्यांच्या बाबतीत अन्वर्थक होते. कारण ती गाण्याशी संवाद करीत असे.

आता त्यांच्या लेखनाकडे वळू. मराठीत संगीतविषयक लेखनाचा प्रवाह त्यापूर्वी सुरू झाला होता. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० साली प्रसिद्ध केला आणि रागांचे शास्त्र मांडले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी शाळा काढल्या, पाठ्यपुस्तके छापली आणि गाणे सभ्य घरांत नेले. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने तत्कालीन गायकांचे रोखठोक परीक्षण नियतकालिकांतून केले, आणि मैफलीचा वृत्तांत हाही वाङ्मयाचा विषय होऊ शकतो हे दाखविले. एकाने शास्त्र सांगितले, दुसऱ्याने शिक्षण दिले, तिसऱ्याने समीक्षा केली. यांत एक गोष्ट उरली होती. ती म्हणजे गायकाच्या निकट बसून त्याचे गाणे, त्याचा स्वभाव आणि त्याचा काळ एकाच दृष्टीत सामावणाऱ्या साक्षीदाराची जबानी. १९३९ साली निघालेल्या 'माझा संगीत व्यासंग' या ग्रंथाने ती उणीव भरून काढली.

या ग्रंथाचे नाव जरी 'माझा' या शब्दाने सुरू होत असले, तरी त्याचे महत्त्व त्यात भेटणाऱ्या दुसऱ्या माणसांमुळे आहे. साथीदाराची सवय लेखणीतही सुटली नाही, असेच म्हणावयाचे. गवई आपल्या गुरूची स्तुती करतो आणि प्रतिस्पर्ध्याविषयी मौन पाळतो. श्रोता भारावून जातो आणि विशेषणांवर थांबतो. साथीदार मात्र दोघांच्या मधोमध बसलेला असतो. गाणे कोठे जमले, कोठे कष्टाने जमविले गेले आणि कोठे निसटले, हे त्याच्या बोटांना आधी कळते. बखलेबुवांचे गाणे ज्यांनी ऐकले ती पिढी केव्हाच अस्तास गेली. त्यांच्या गायकीचा शोध घेणाऱ्या आजच्या अभ्यासकास तबकडी मिळत नाही, परंतु गोविंदरावांचे लेखन मिळते. पुढे १९४८ साली 'माझा जीवनविहार' आणि 'कल्पनासंगीत' ही पुस्तके आली. पहिल्यात किर्लोस्कर आणि गंधर्व मंडळ्यांच्या बिऱ्हाडांपासून बोलपटापर्यंतचा एक अखंड काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

गोविंदरावांचे अखेरचे मोठे कार्य म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र. खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा. तारुण्यात अतिश्रमाने त्यांचा आवाज बिघडला, आणि त्या बिघडलेल्या आवाजाला झेपेल अशी, बिकट लयीची आणि अनवट रागांची, एक नवीनच गायकी त्यांनी बुद्धीच्या बळावर घडविली. तीच पुढे जयपूर घराण्याची गायकी म्हणून नावारूपास आली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठांतून ती सर्व देशाने ऐकली. खाँसाहेबांनी मात्र स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले, आणि पुन्हा एकदा तोच प्रश्न उभा राहिला : मूळ गाणे कसे होते, हे आता सांगावे कोणी?

कोल्हापूरच्या बालपणापासून ज्याने ते गाणे ऐकले होते, त्याच्याकडेच ते काम येणे योग्य होते. 'गायनमहर्षी अल्लादियाखाँ यांचे चरित्र' १९५४ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी गोविंदरावांनी सत्तरी ओलांडली होती. राजपुतान्यातून आलेला एक मुसलमान गवई, त्याला आश्रय देणारा मराठा छत्रपती, त्याची विद्या घेणारा ब्राह्मण गायक, ती पुढे नेणाऱ्या गोमंतकाच्या गायिका आणि तिची कथा मराठीत लिहिणारा एक पेटीवादक : हिंदुस्थानी संगीत महाराष्ट्रात कसे रुजले, याचे उत्तर या माळेत आहे. या माळेतील एकही मणी वगळला असता तर ती तुटली असती. चरित्र निघाल्यावर वर्षभरातच, ९ ऑक्टोबर १९५५ रोजी, गोविंदरावांनी इहलोकाची यात्रा संपविली.

त्यांच्या आयुष्याचा ताळा पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. जेथे जेथे ते स्वतः अग्रभागी उभे राहिले, तेथे काळाने त्यांना फार दिवस उभे राहू दिले नाही. नायकाची भूमिका दुसऱ्यांकडे गेली, कंपनी मोडली, नाटके मागे पडली, आणि बोलपटातही अल्पावधीतच नवे संगीतकार आले. जेथे त्यांनी स्वतःस मागे ठेवले, तेथे मात्र ते टिकले. 'मानापमाना'च्या चाली खाडिलकरांच्या शब्दांमागे आणि बालगंधर्वांच्या कंठामागे राहून शंभर वर्षांवर जगल्या; २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' या नावाचा मराठी चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीला त्या कथेची पुन्हा ओळख झाली. आणि भास्करबुवा व अल्लादियाखाँ या दोन गुरूंच्या मागे बसून त्यांनी जे ऐकले, ते त्यांच्या पुस्तकांतून आजही वाचावयास मिळते.

आज ध्वनिमुद्रणाची इतकी साधने घरोघर आहेत की, एकही मैफल हवेत विरून जाऊ नये. बेलापूरच्या किंवा नेरुळच्या सदनिकेत बसून एखादी विद्यार्थिनी केसरबाईंची जुनी तबकडी हव्या त्या वेळी ऐकू शकते. स्वर राहतो, परंतु तो स्वर ज्या मनुष्याचा होता त्याने तो कोणत्या कष्टाने मिळविला, कोणाकडून घेतला, कोणत्या सभेत तो रंगला आणि कोणत्या सभेत पडला, हे यंत्र सांगत नाही. ते सांगण्यास अजूनही जवळ बसून ऐकणारा, स्वतः बाजूस सरणारा आणि मग प्रामाणिकपणे लिहिणारा मनुष्य लागतो. वाशीच्या नाट्यगृहात एखाद्या संध्याकाळी नाट्यगीतांचा कार्यक्रम असेल, तर गायकाकडे पाहून झाल्यावर श्रोत्यांनी त्याच्या शेजारी पेटीवर बसलेल्या साथीदाराकडेही एकदा पाहावे. त्या रात्रीचे गाणे कसे झाले हे त्याच्याइतके चांगले दुसऱ्या कोणासही ठाऊक नसते. त्याने ते लिहून ठेवले, तर गोविंदराव टेंबे यांची परंपरा पुढे चालली असे म्हणता येईल.